ऑबर्नमधला एक आठवडा: 'मीझेस युनिव्हर्सिटी'ला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात ऑबर्न नावाचं एक गाव आहे. विद्यापीठाभोवती वसलेलं, फुटबॉलवेडं, जुलैत घामाने चिंब करणारं. तिथल्या मीझेस इन्स्टिट्यूटमध्ये दर उन्हाळ्यात आठवडाभर विद्यार्थ्यांना मुक्त बाजारपेठेचं अर्थशास्त्र शिकवतात. हा उपक्रम १९८६ पासून चालू आहे. २०२४ च्या जुलैत मी गेले होते, तेव्हा अमेरिकेतच एमए करत होते. पुढच्या वर्षी माझा आतेभाऊ पुण्याहून थेट गेला. आम्ही दोघांनी मिळून बहुतेक सगळ्या चुका करून ठेवल्या आहेत. तुम्हाला नव्या कराव्या लागतील.

१. कुठे चाललोय ते आधी समजून घ्या

नावात 'युनिव्हर्सिटी' असली तरी हे विद्यापीठ नाही. पदवी मिळत नाही. हे आठवड्याचं निवासी शिबिर आहे आणि ते एका खासगी संस्थेचं आहे. शेजारचं ऑबर्न विद्यापीठ वेगळं. संस्था १९८२ साली ल्यू रॉकवेल यांनी काढली आणि अमेरिकन अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड हे तिचे वैचारिक आधारस्तंभ होते. ज्यांच्या नावाने ती आहे ते अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मीझेस १८८१ मध्ये लेंबर्गला, म्हणजे आताच्या युक्रेनमधल्या ल्विव्हला, जन्मले, व्हिएन्नात घडले आणि १९४० मध्ये युरोपातलं युद्ध चुकवून न्यूयॉर्कला आले.

इथे शिकवतात ते 'ऑस्ट्रियन' परंपरेचं अर्थशास्त्र. मुक्त बाजारपेठ म्हटलं की आपल्याकडे सगळे एकाच माळेचे मणी धरले जातात. तसं नाही. घराण्यांसारखं आहे हे. शिकागोचे मिल्टन फ्रीडमनही बाजारपेठेच्या बाजूचे, पण मध्यवर्ती बँकेने पैशाचा पुरवठा ठरावीक दराने वाढवावा, असं ते म्हणायचे. ऑबर्नमधल्या बऱ्याच जणांना मुळात मध्यवर्ती बँकच नको आहे. मंदी का येते यावरही दोघांचं पटत नाही. फ्रीडमन यांनी आकडेवारी तपासून ऑस्ट्रियन सिद्धांत चुकीचा ठरवला होता. ऑस्ट्रियन मंडळींचं म्हणणं असं, की सिद्धांत आकड्यांनी सिद्ध वा असिद्ध होत नाही. माणूस हेतू धरून वागतो, इथपासून तर्काने एकेक पायरी बांधत जायचं.

तुमच्या कॉलेजात इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवर सिद्धांत तपासण्याचं शास्त्र, शिकवणाऱ्या सरांना हे सांगाल तर ते भुवया उंचावतील, आणि त्यांचंही काही चुकत नाही. एका घराण्याचं गाणं आठवडाभर त्याच घराण्याच्या गायकांकडून ऐकायला मिळतं, हा या शिबिराचा फायदा आणि तोच त्याचा दोष. दुसऱ्या घराण्याची चीज तिथे कुणी गाणार नाही. ती तुम्ही घरून ऐकून जायची.

२. जुलै हा आपल्याकडे सुट्टीचा महिना नाही

आपलं उन्हाळी शिबिर म्हणजे मे महिना, आमरस आणि वाळ्याचे पडदे. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ. तेव्हा आपली कॉलेजं नुकतीच सुरू झालेली असतात. आतेभावाने निवड झाल्यावर विभागप्रमुखांना सांगितलं आणि हजेरीच्या पंच्याहत्तर टक्क्यांवरून नको ती रदबदली करावी लागली. अर्ज भरतानाच कॉलेजला लेखी कळवून ठेवा. आठवडा शिबिराचा असला तरी प्रवास आणि जेट लॅग धरून बारा-तेरा दिवस हाताशी ठेवा.

३. अर्ज

अर्ज हिवाळ्यात किंवा वसंतात सुरू होतात. तारखा दर वर्षी बदलतात, त्यामुळे जानेवारीपासून संस्थेच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. भारतातून जाणाऱ्यांनी तर पहिल्याच दिवशी अर्ज टाकावा, कारण खरा वेळ व्हिसाला लागतो.

अर्थशास्त्राचेच विद्यार्थी हवेत असं नाही. माझ्या गटात एक इतिहासाचा होता, एक इंजिनीअरिंगची होती. शिफारसपत्रासाठी मोठ्या हुद्द्याच्या माणसामागे लागू नका. ज्या बाईंनी तुमचा निबंध वाचून लाल शाईने भांडण काढलं होतं, त्यांच्याकडे जा. प्राचार्यांच्या पत्रात 'कष्टाळू व नम्र' एवढंच येतं.

तुम्हाला का यायचंय, या प्रश्नाला उत्तर लिहिताना 'मला स्वातंत्र्याची आवड आहे' छापाचं काही लिहू नका. मी निफाड तालुक्यातली. माझ्या वडिलांनी कांदा साठवला आणि सरकारने निर्यात बंद केली, एवढंच लिहिलं होतं.

पैशांचं म्हणाल तर शिकवणी, राहणं आणि जेवण यांसाठी शिष्यवृत्ती मागता येते. विमानाचं भाडं मात्र तुमच्या खिशातून जातं, असं धरून चाला. त्या वर्षीच्या पत्रकात नेमकं काय झाकलंय ते ओळ न् ओळ वाचा.

४. व्हिसा: सगळ्यात मोठा खड्डा

अमेरिकेत आधीच विद्यार्थी व्हिसावर असाल तर वेगळा व्हिसा लागत नाही. हा मुद्दा सोडून पुढे जा.

भारतातून जाणाऱ्यांसाठी बी-१/बी-२, म्हणजे पर्यटक आणि कामकाजाचा व्हिसा. गुण किंवा क्रेडिट न देणारा छोटा, हौसेचा अभ्यासक्रम पर्यटक व्हिसावर करता येतो. पदवीसाठी धरले जाणारे क्रेडिट घ्यायचे असतील तर तो चालत नाही, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा लागतो. म्हणून तुमच्या कॉलेजने 'आम्ही याचे दोन क्रेडिट देतो' म्हटलं तर खूश होऊन हो म्हणू नका.

आता तो खड्डा. मुलाखतीत अधिकारी विचारतो, कशासाठी चाललात? आतेभाऊ ऐटीत म्हणाला, 'मीझेस युनिव्हर्सिटीला.' युनिव्हर्सिटी म्हणताच पुढचा प्रश्न आला, 'मग विद्यार्थी व्हिसा का नाही?' बांद्रा-कुर्ला संकुलातल्या त्या थंडगार दालनात त्याला घाम फुटला. पुढे त्याने पत्र दाखवलं, निभावलं. तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगा: आठवड्याचं शिबिर आहे, पदवी नाही, क्रेडिट नाही, अमुक तारखेला परत, अमुक तारखेला कॉलेजची परीक्षा.

डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरताना दर थोड्या वेळाने सेव्ह करा, पान बंद पडतं. फी २०२३ च्या जूनपासून १८५ डॉलर झाली. भरण्याआधी ताजा आकडा पाहून घ्या, नाकारलं तरी ती परत मिळत नाही. मुलाखतीची तारीख मिळायला काही वेळा महिनेच्या महिने जातात. निवडीचं पत्र मेमध्ये आलं आणि तोवर पासपोर्टच काढलेला नाही, अशी स्थिती असेल तर त्या वर्षीचा नाद सोडा. एजंटला पैसे देऊन तारीख 'काढून' घेण्याच्या भानगडीत पडू नका.

५. बरोबर न्यायची कागदपत्रं

- पासपोर्ट आणि व्हिसा, दोन्हींची छायाप्रत वेगळ्या बॅगेत
- निवडीचं पत्र, त्यात तारखा आणि राहण्याजेवणाची सोय स्पष्ट लिहिलेली हवी
- कॉलेजचं चालू विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र
- परतीचं तिकीट
- पालकांचं किंवा स्वतःचं बँक स्टेटमेंट
- प्रवास विमा
- नेहमीची औषधं आणि त्यांची डॉक्टरांची चिठ्ठी
- विद्यार्थी व्हिसावर असाल तर आय-२० (विद्यापीठाचं प्रवेशपत्र) आणि आय-९४ची (अमेरिकेत आल्याची नोंद) प्रत, देशांतर्गत प्रवासातही

फोनमध्ये सगळं आहे म्हणू नका. उतरल्यावर फोनची बॅटरी संपलेली असते, हा विश्वनियम आहे.

६. जाण्याआधीची तयारी

पुस्तकांची यादी पाहून छाती दडपू नका. संस्थेची बरीच पुस्तकं आणि आधीच्या वर्षांची व्याख्यानं संकेतस्थळावर फुकट आहेत. पाच-सहा व्याख्यानं ऐका, पण तीन कल्पना पक्क्या करा.

पहिली, मूल्य वस्तूत नसतं, माणसाच्या गरजेत असतं. कार्ल मेंगर यांनी १८७१ मध्ये हे मांडलं आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. कांद्याला किती कष्ट लागले यावर भाव ठरत नाही. शेवटचा किलो ज्याला हवा आहे त्याला तो कितीचा वाटतो, यावर ठरतो. शेतकऱ्याच्या घरी हे पचायला जड जातं, मलाही गेलं.

दुसरी, भांडवल आणि वेळ. हे तिथे आडवळणाने समजावतात, पण आपल्याला ते सोपं जायला हवं. मेथी महिन्याभरात हाती येते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने घेतो. हापूसची बाग लावली तर चार-पाच वर्षं नुसती वाट पाहायची. जितकी लांबची वाट, तितकं उत्पन्न जास्त, पण तोवर घर कशावर चालणार? कुणीतरी आधी शिल्लक टाकलेली असली पाहिजे. व्याजदर हा त्या शिलकीचा निरोप असतो. बँकेने शिल्लक नसताना स्वस्त कर्ज वाटलं, तर सगळा तालुका मेथी सोडून हापूस लावतो आणि तिसऱ्या वर्षी कळतं की तोवर पुरेल इतकं खायला कुणाकडेच नव्हतं. मीझेस आणि त्याच परंपरेतले फ्रीडरिक हायेक यांचा तेजी-मंदीचा सिद्धांत ढोबळमानाने हाच. हायेक यांना १९७४ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. गंमत म्हणजे ते स्वीडनचे अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांच्यासोबत विभागून मिळालं आणि दोघांची मतं दोन टोकांची.

तिसरी, १९२० मधला मीझेस यांचा मुद्दा: यंत्रं, जमीन, कारखाने सगळे सरकारचे झाले तर त्यांची खरेदी-विक्री थांबते, खरेदी-विक्री थांबली की किमती राहत नाहीत आणि किमती नसल्या की कुठली गोष्ट कशासाठी वापरायची याचा हिशेबच करता येत नाही. लक्षात घ्या, तो हेतूंवरचा आक्षेप नाही. प्रामाणिक, हुशार अधिकारी नेमले तरी हिशेब जमणार नाही, असं ते म्हणतात. वर्गात बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो.

आणि घरचं थोडं वाचून जा. डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर, म्हणजे रुपया थेट सोन्याशी न बांधता सोन्यावर चालणाऱ्या परदेशी चलनाशी बांधण्यावर, टीका केली आहे. सरकारच्या हाती चलनाची दोरी सैल सोडू नये, हा त्यातला सूर. अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला १९५५ मध्ये भिन्नमतपत्रिका जोडली होती. शरद जोशींचं चाकणचं कांदा आंदोलन तर आपल्या मागच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेलं. तिथे जेवणाच्या टेबलावर मी आंबेडकर आणि सोनं असा विषय काढला, तेव्हा समोरच्या चार जणांपैकी एकालाही ते अर्थतज्ज्ञ होते हे ठाऊक नव्हतं. पुढचा अर्धा तास मीच शिकवणी घेतली.

७. पोचणं

सगळ्यात जवळचं मोठं विमानतळ अटलांटा, शेजारच्या जॉर्जिया राज्यात. तिथून ऑबर्नपर्यंत रस्त्याने दोन तासांच्या आसपास. विमानतळावरून शटल गाड्या असतात, आधी जागा राखून ठेवा. शिबिराच्या रविवारी तुमच्यासारखे बरेच असतात, म्हणून विद्यार्थ्यांच्या गटात विचारून गाडी वाटूनही घेता येते.

अटलांटा आणि ऑबर्न यांच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे. जाताना तास मिळतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. येताना तो कापला जातो. याचा हिशेब शेवटी सांगते.

राहणं विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, खोली वाटून. चादर-टॉवेल मिळणार का, हे आधी विचारा.

८. ऊन, थंडी आणि घेवड्याच्या शेंगा

बाहेर रत्नागिरीचा मे, आत महाबळेश्वरचा डिसेंबर. व्याख्यानाच्या खोलीतला एसी कुणाला दयामाया दाखवत नाही. शाल किंवा स्वेटर न्याच. पहिल्या दिवशी मी ओढणी गुंडाळून बसले होते.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. अमेरिकेच्या दक्षिणेत घेवड्याच्या शेंगा, पालेभाजी, वाटाण्यासारखी कडधान्यं बऱ्याचदा डुकराच्या मांसाच्या तुकड्यासोबत शिजवतात. दिसायला निव्वळ हिरवी भाजी. 'यात मांस आहे का?' असं विचारलं तर वाढणारी बाई प्रेमाने 'नाही, ही भाजी आहे' म्हणते. म्हणून 'बेकन किंवा हॅम घालून शिजवलंय का?' असं विचारा. अर्जात आहाराची नोंद करा आणि तरी डब्यात दाण्याची चटणी, मेतकूट ठेवा. लोणच्याची बाटली फुटते, आतेभावाची फुटली. 'स्वीट टी' म्हणजे बर्फ घातलेला गोड चहा. तो इतका गोड असतो, की आपला अमृततुल्य त्यापुढे कडू वाटेल.

गावात टूमर्स कॉर्नर म्हणून चौक आहे, तिथलं ताजं लिंबू सरबत मात्र चुकवू नका.

९. वर्गात

सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्याख्यानं असतात. आठवड्याच्या सुरुवातीला सगळ्यांसाठी मूळ विषय, पुढे आवडीप्रमाणे समांतर वर्ग. जोसेफ सालेर्नो, रॉबर्ट मर्फी, मार्क थॉर्नटन, डेव्हिड गॉर्डन अशी नावं तिथे वर्षानुवर्षं दिसतात. समांतर वर्गांची ओढाताण होते. तुम्ही चुकवलेलं पुढे ध्वनिचित्रफितीत मिळतं, म्हणून ज्या विषयावर प्रश्न विचारायचाय तिथे बसा. नुसतं ऐकायचंय ते घरी ऐका.

प्रश्न विचारण्यात आपण मराठी मुलं मागे पडतो, हे कबूल करायला हवं. आपण सरांचं बोलणं संपलं की वही मिटतो. तिथे खरं शिकणं जेवणाच्या टेबलावर होतं, कारण प्राध्यापक तिथेच ताट घेऊन बसतात. शेजारची खुर्ची रिकामी दिसली की बसा. 'मे आय' वगैरेत वेळ घालवलात तर टेक्सासचा एखादा मुलगा तिथे बसलेला असेल.

मी माझा कांदा काढला. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली, तीही किमान निर्यात मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क लावून. ऑस्ट्रियन उत्तर मला तोंडपाठ होतं: भाव दाबला की पुढच्या हंगामात लागवड घटते आणि मग टंचाई येते. मीझेस दुधाचं उदाहरण देऊन हेच सांगत. प्राध्यापकांनी उत्तर ऐकून घेतलं आणि विचारलं, 'साठवतं कोण?'

मी सांगितलं, उन्हाळ कांदा आम्ही कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर कोठारात, भरतो आणि पावसाळ्यात थोडा थोडा काढतो. थोडा सडतो, थोडा वजनाला घटतो. ते म्हणाले, मग तुमचे वडील शेतकरीच नाहीत, सट्टेबाजही आहेत. घरी हा शब्द शिवीसारखा वापरतात. पण त्यांचा मुद्दा वेगळाच होता: एप्रिलमधला स्वस्त कांदा ऑक्टोबरच्या महागाईपर्यंत पोचवणारा माणूस दोन्ही टोकांचे भाव जवळ आणतो, आणि बंदीने पहिला मार बसतो तो त्याला. पुढच्या वर्षी तो चाळ बांधणार नाही.

मी विचारलं, 'लासलगावला बोली लावणारे व्यापारी मोजकेच असतील आणि एकमेकांना ओळखत असतील तर?' त्यावर उत्तर मिळालं, की बाजार समितीचा परवाना कोण देतं ते बघ. बरोबर आहे, पण पुरतं पटलं नाही. परवाना काढून टाकला तरी उधारी, गाडी, ओळख या गोष्टी उरतातच. दोन दिवस मी हे भांडण चालू ठेवलं. कुणी रागावलं नाही. उलट तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून मला बोलावून बसवलं.

म्हणून सांगते, जाताना आपला एक कांदा न्या. तुमच्या घरातला, गल्लीतला, ज्याची खडानखडा माहिती तुम्हाला आहे असा एक व्यवहार. ऊसाची एफआरपी (कारखान्याने द्यायचा सरकारी किमान दर), रिक्षाचं परमिट, पागडीची खोली, काहीही. त्यावर ही सगळी तत्त्वं घासून बघा.

एक सापळा: टाळ्यांचा. तिथे बरेच जण आधीच पटलेले येतात. सरकारवर कोटी झाली की हशा पिकतो आणि आपणही हसतो. त्यात राजकारणही येतं, अगदी सरकारच नको म्हणणारेही भेटतात. अर्थशास्त्र कुठे संपलं आणि मत कुठे सुरू झालं, याची वहीत रेघ ओढत राहा. माझ्या वहीत डावीकडे सिद्धांत, उजवीकडे मतं असे दोन रकाने होते. गुरुवारी उजवा रकाना भरून वाहत होता.

१०. परीक्षा

आठवड्याच्या शेवटी लेखी परीक्षा असते, तीत चांगलं करणाऱ्यांना प्राध्यापकांपुढे तोंडी. सक्तीची नाही. तरी द्या. लेखीला पाठांतर चालतं, तोंडीला नाही. 'व्याजदर का असतो?' एवढाच प्रश्न येतो आणि मग प्रत्येक उत्तरावर 'का?' येतं. शब्द सुचला नाही तर थांबा, उदाहरण द्या. मी आडसाली ऊस सांगितला. परीक्षकांपैकी एकाने तो किती महिन्यांचा असतो हे लिहून घेतलं.

११. जमलं नाही तर

व्हिसा नाकारला गेला, भाडं परवडलं नाही, तर व्याख्यानं घरबसल्या ऐकता येतातच. १९९७ मध्ये स्थापन झालेली दिल्लीची सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी विद्यार्थ्यांसाठी असे छोटे निवासी वर्ग घेत आली आहे. तिचे संस्थापक पार्थ शहा यांनी डॉक्टरेट ऑबर्न विद्यापीठातच केली, म्हणजे वाट तिकडूनच आली. मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये काढलेल्या फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझच्या जुन्या पुस्तिका मिळाल्या तर चाळा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची भांडणं वाचताना तारीख बघावी लागते, इतकी ती आजची वाटतात.

१२. परतताना

पुस्तकं बरीच गोळा होतात. जाताना बॅगेत पाच-सहा किलोची जागा मोकळी सोडा.

आणि तो तास. माझं विमान अटलांटाहून दुपारी चारचं. ऑबर्नच्या घड्याळाने ते तीनला सुटतं. रस्त्याला दोन तास, विमानतळावर दोन तास आधी, म्हणजे निघायला हवं सकाळी अकराला. मी बाराची शटल घेतली होती आणि अकराला सरबत पीत बसले होते. धावत पोचले, दार बंद व्हायला काही मिनिटं होती. शटलची जागा राखताना विमानाची वेळ आधी ऑबर्नच्या घड्याळात मांडा, कागदावर लिहा, मग बुकिंग करा. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर त्यात आणखी एक तास घाला.